पुस्तकांची पेटी

दरवर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातील शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. २०१५ सालापासून तो वाचनासाठी राखून ठेवला आहे. तुम्ही प्राथमिक शाळेत होतात तेव्हाचा एखादा दिवस आठवून पाहा. बाके एकमेकांना जोडून त्यांवर स्वच्छ चादर अंथरलेली आहे. तिच्यावर उर्दू, मराठी, हिंदी पुस्तके मांडली आहेत. पहिली-दुसरीची मुले पुस्तकांना हात लावायला धडपडत आहेत आणि बाई सांगत आहेत, की हळू, पाने फाटतील. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, तोसुद्धा चित्रे पाहत एक एक पान उलटत आहे. वर्षातला हा एक दिवस तरी पुस्तकांचा असतो.

आता आपण शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊ. गुजरातमधील एक लहान खेडे. तेथे एक प्राथमिक शाळा आहे. शाळेत एक मास्तर आहेत. एके दिवशी तेथे एक लाकडी पेटी येते. पेटी भक्कम आहे आणि तिला कुलूप आहे. मास्तर कुलूप काढतात. आत पंधरा-वीस पुस्तके नीट लावून ठेवलेली असतात. ही पुस्तके गावाने विकत घेतलेली नसतात. ती काही दिवस गावात राहतील, घरोघर वाचली जातील, मग पेटी परत जाईल आणि दुसरी येईल. त्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, कदाचित शंभर घरांत मिळून चार पुस्तके नसतील. अशा गावात ती पेटी म्हणजे ईदच होती असे म्हटले तरी चालेल.

ही पेटी पाठवणारा माणूस एक राजा होता. पण तुम्हांला सांगितले तर नवल वाटेल, की वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या राजाला स्वतःलाच वाचता येत नव्हते. त्याचे नाव महाराजा सयाजीराव गायकवाड.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. हे गाव मालेगाव तालुक्यात आहे. तुमच्यापैकी जे मालेगावचे असतील, त्यांच्या घराच्या जवळचीच ही गोष्ट आहे. मालेगावात आज हजारो मुले-मुली उर्दू शाळांत शिकतात. त्या काळी मात्र कवळाण्याच्या मुलांना शाळेचे तोंड पाहायला मिळणे कठीण होते. सयाजीरावांचे लहानपणीचे नाव गोपाळ. वडील काशीराव शेती करीत. आईचे नाव उमाबाई. आनंदराव आणि संपतराव हे गोपाळचे भाऊ. हे कुटुंब बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याच्या एका दूरच्या शाखेतले होते. पण नात्याने कोणाचे पोट भरत नाही. इतर शेतकऱ्यांची मुले जशी वाढत, तसाच गोपाळ वाढला. गुरे, शेत, ओढा, विहीर हीच त्याची शाळा होती.

बडोद्यात त्या वेळी मोठी गडबड चालली होती. तेथील महाराजा मल्हारराव यांच्या कारभाराबद्दल अनेक तक्रारी होत्या. बडोद्यात इंग्रज सरकारचा एक अधिकारी राहत असे. त्याला रेसिडेंट म्हणत. त्याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोपही मल्हाररावांवर आला. त्याची चौकशी झाली. शेवटी एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना गादीवरून दूर केले. त्यांच्या आधीचे महाराजा खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई हयात होत्या. त्यांनी घराण्यातील एखादा मुलगा दत्तक घ्यावा असे ठरले. दत्तक घेणे म्हणजे उर्दूत तुम्ही गोद लेना म्हणता तेच.

मुलांचा शोध सुरू झाला आणि तो कवळाण्यापर्यंत पोहोचला. तेथील मुलांना बडोद्याला नेण्यात आले. जमनाबाईंनी प्रत्येकाला विचारले, की तू येथे कशासाठी आलास? इतर मुले गोंधळली. गोपाळने मात्र सरळ सांगितले, की मी राज्य करायला आलो आहे. ही आठवण बडोद्यात फार आवडीने सांगितली जाते. ती अगदी अशीच घडली असेल किंवा सांगता सांगता थोडी सजली असेल. पण निवड गोपाळचीच झाली, हे खरे. २७ मे १८७५ रोजी त्याला दत्तक घेतले. त्याचे नाव सयाजीराव ठेवले आणि १६ जूनला त्याला गादीवर बसवले.

थोडा विचार करा. कालपर्यंत अनवाणी फिरणारा मुलगा आज हत्तीवर बसला. सगळे वाकून मुजरा करू लागले. पण त्याच्यापुढे कागद ठेवला, तर त्याला आपले नावही वाचता येईना. त्याच्या वयाची शहरातली मुले इंग्रजी पुस्तके वाचत होती. अंगावर दागिने असले तरी हा मुलगा मनात किती ओशाळला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

अभ्यास सुरू झाला. राजवाड्याच्या परिसरात त्याच्यासाठी वेगळी शाळाच काढली. त्याच्याबरोबर शिकायला त्याचा भाऊ संपतराव आणि आणखी काही मुले होती. १८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी मुख्य शिक्षक म्हणून आले. राज्याचे दिवाण सर टी. माधवराव हे मोठे विद्वान होते. राज्य कसे चालवावे, हे सयाजीरावांना त्यांनी शिकवले.

सयाजीरावांना चार भाषा शिकाव्या लागल्या. मराठी त्यांची स्वतःची भाषा. गुजराती ही प्रजेची भाषा. इंग्रजी राज्यकर्त्यांची भाषा. आणि चौथी उर्दू. चार भाषा म्हणजे चार लिप्या. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला हात चुकतो, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. मराठीतली जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ तुम्हांला जसे छळतात, तसा बाराव्या वर्षी अलिफ-बे लिहायला बसलेल्या त्या खेड्यातल्या मुलालाही अक्षरांनी छळलेच असेल. फरक इतकाच, की तुम्ही एक लिपी लहानपणीच शिकून दुसरी शिकू लागलात. त्याला सगळ्याच एकदम शिकायच्या होत्या.

तो काही फार चलाख विद्यार्थी नव्हता. त्याला वेळ लागे. पण तो चिकाटी सोडत नसे. दिवसभर अभ्यास, त्यात व्यायाम, घोडेस्वारी, पुन्हा अभ्यास, असा क्रम काही वर्षे चालला. सुट्ट्या थोड्या आणि विषय पुष्कळ. पुढे प्रकृतीच्या तक्रारींनी त्यांना आयुष्यभर त्रास दिला. त्यांना झोप नीट लागत नसे. पण या वर्षांत त्यांना पुस्तकांची जी गोडी लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. ज्याला लहानपणी आयते मिळते, त्याला त्याची किंमत कळायला वेळ लागतो. सयाजीरावांना अक्षरांची किंमत ठाऊक होती, कारण अक्षरांवाचून जगणे कसे असते, हे त्यांनी बारा वर्षे पाहिले होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचा सगळा कारभार त्यांच्या हाती आला. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. पुढील ५७ वर्षांत त्यांनी रस्ते, रेल्वे, दवाखाने, पाणीपुरवठा, कायदे अशी कितीतरी कामे केली. त्या सगळ्यांची हकीकत येथे सांगायची नाही. आपण शाळा आणि पुस्तके यांच्याकडेच लक्ष देऊ.

ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्या लोकांच्या मुलांना गावच्या शाळेत बसू देत नसत. सयाजीरावांनी १८८२ च्या सुमारास त्यांच्यासाठी मोफत शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण शिकवणार कोण? उच्च जातींचे शिक्षक तेथे जायला तयार नव्हते. तेव्हा मुसलमान शिक्षकांनी हे काम हाती घेतले. त्या मुलांना पहिली अक्षरे ज्यांनी गिरवायला दिली, त्यांत हे शिक्षक होते. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे सहसा सापडत नाहीत.

त्यानंतर महाराजांनी एक धाडसी प्रयोग केला. काठेवाडात अमरेली नावाचा त्यांच्या राज्याचा भाग होता. तो बडोद्यापासून लांब आणि शिक्षणात मागासलेला होता. १८९३ मध्ये अमरेली शहर आणि आसपासच्या काही गावांत त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. सक्तीचे म्हणजे मुलाला शाळेत पाठवलेच पाहिजे, नाहीतर पालकांना दंड. हिंदुस्थानात असे कोठेही नव्हते.

लोकांना हे आवडले असेल असे समजू नका. शेतकऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा गुरे राखतो, पाखरे हाकतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो. तो शाळेत गेला, तर ही कामे कोण करणार? मुलीला शिकवून काय करायचे, असेही लोक विचारीत. काही पालक दंड भरत. पण मुलाला शाळेत पाठवीत नसत. त्यातच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. माणसे आणि गुरे मेली. अशा वेळी पाटी-पुस्तकाचा विचार कोण करणार? तरीही महाराजांनी हा प्रयत्न सोडला नाही. १९०६ मध्ये सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलांना सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना सातव्यापासून दहाव्यापर्यंत शाळेत जावे लागे. मुलींना दोन वर्षे कमी का, असे तुमच्या वर्गातील मुली विचारतील. विचारलेच पाहिजे. पण त्या वेळी मुलींसाठी सक्ती हीच नवी गोष्ट होती. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रज सरकारपुढे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. इंग्रज सरकारने ते विधेयक मंजूर होऊ दिले नाही.

शाळा वाढल्या आणि तेव्हा एक नवीच अडचण महाराजांच्या ध्यानात आली. मुलगा चार-पाच वर्षे शिके. धडा वाचू लागे, पत्र लिहू लागे. मग शाळा सुटे आणि तो शेतावर जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. चार-सहा वर्षांनी पाहावे, तर तो आपली सहीसुद्धा कशीबशी करी. वाचता येणारा मुलगा पुन्हा निरक्षर होई. शाळेवर केलेला खर्च आणि मास्तरांचे कष्ट वाळूत पाणी ओतावे तसे जात. बी पेरले, कोंब आले, पण पुढे पाऊसच पडला नाही, तर पीक कोठून येणार? शाळेला लागून पुस्तके हवीत, ती शाळा सुटल्यावरही मिळाली पाहिजेत, आणि पैसे न देता मिळाली पाहिजेत, हे महाराजांनी ओळखले.

हाच विचार एका शिक्षकाच्याही मनात होता. त्यांचे नाव मोतीभाई अमीन. ते चरोतर भागातील वसो या गावचे. १९०६ पासून त्यांनी मित्रमंडळे काढून गावोगाव वाचनालये सुरू केली. राज्याने त्यांना मदत दिली. पुढे ते राज्याच्या ग्रंथालय खात्यात आले आणि खेड्यांतील वाचनालयांसाठी झिजले. महाराजांचे नाव सगळ्यांना माहीत असते, मोतीभाईंचे गुजरातबाहेर फारसे कोणी घेत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले.

महाराजा १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये अमेरिकेला गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. कोणीही माणूस आत जातो, हवे ते पुस्तक मागतो, घरी नेतो आणि कोणी त्याच्याकडे पैसे मागत नाही. मुलांसाठी वेगळी खोली असते. हे पाहून ते नुसते थक्क होऊन परत आले नाहीत. विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्याला बोलावले. १९१० मध्ये बॉर्डन आले. त्यांनी राज्याचे ग्रंथालय खाते उभे केले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. त्यासाठी महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे २० हजार पुस्तके देऊन टाकली. राजाच्या कपाटातली पुस्तके आता बाजारातल्या माणसाच्या हाती येऊ लागली. १९११ मध्ये ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग निघाला. १९१२ मध्ये ग्रंथालयाविषयी एक त्रैमासिक निघाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत छापले जाई.

बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. त्यांनी घालून दिलेले काम इथल्याच माणसांनी पुढे नेले.

खेड्यातील ग्रंथालय कसे चाले, ते आता पाहा. सरकारने सगळे फुकट दिले असते, तर गावाला त्याची माया वाटली नसती. म्हणून नियम असा होता, की खर्चाचा एक भाग गावाने जमवायचा, एक भाग पंचायतीने आणि एक भाग सरकारने द्यायचा. ग्रंथालयाची इमारत बांधायची असली तरी हाच हिशेब. त्यामुळे गावकरी म्हणत, हे आमचे आहे. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालय शाळेतच असे आणि मास्तरच ग्रंथपाल असत. सकाळी शाळा आणि संध्याकाळी त्याच खोलीत गावातली मोठी माणसे वर्तमानपत्र वाचीत बसत. ज्यांना येत नसे, ते दुसऱ्याने वाचलेले ऐकत. पुढे अशा ग्रंथालयांची संख्या हजाराच्या वर गेली.

आणि ज्या गावाला ग्रंथालयच नव्हते, त्याचे काय? त्याच्यासाठी ती पेटी होती. याला फिरते ग्रंथालय म्हणत. पेट्या मुद्दाम मजबूत करून घेतल्या होत्या. एका पेटीत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके मावत. गावातील एखाद्या जबाबदार माणसाने, बहुधा मास्तरांनी, मागणी करायची. बडोद्याहून पेटी रवाना होई. नेण्या-आणण्याचा खर्चही सरकार देई. वाचणाऱ्याला एक पैसा पडत नसे. पेटी परत आली, की पुस्तके तपासत, फाटलेली दुरुस्त करीत आणि पेटी दुसऱ्या वाटेने निघे. तुमच्या शाळेत पुस्तकांची पेटी असेल तर तिला हलकी समजू नका. तिचे घराणे जुने आहे.

पण ज्यांना मुळीच वाचता येत नाही, त्यांनी काय करायचे? त्यांनाही महाराज विसरले नाहीत. ग्रंथालय खात्याची एक शाखा जादूचा दिवा घेऊन गावोगाव फिरे. काचेवरचे चित्र दिव्यापुढे धरले, की पडद्यावर मोठे दिसे. पुढे चित्रपटाचे यंत्रही आले. दोन चित्रे जवळजवळ लावून दोन भिंगांतून पाहिली, की दूरचे देश डोळ्यांसमोर खरोखर उभे राहिल्यासारखे वाटत. तसलीही साधने या शाखेकडे होती. म्हातारी माणसे, बायका, मुले अंधारात बसून हे सगळे पाहत. वाचता न येणाऱ्यालाही जगाची माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे या राजाला वाटे. मला तर त्यांच्या सगळ्या योजनांत ही फार आवडते.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता. तेथे पुस्तके होती, चित्रे होती आणि खेळही होते. खेळायला आलेला मुलगा सहज एखादे पुस्तक उचले. स्त्रियांसाठीही वेगळी सोय केली होती, कारण त्या काळी पुष्कळ स्त्रिया पुरुषांमध्ये येऊन बसत नसत. मुलांना वाचायला पुस्तके हवीत, म्हणजे ती आधी लिहिली गेली पाहिजेत. १९१२ मध्ये महाराजांनी दोन लाख रुपये वेगळे काढून ठेवले. त्या रकमेतून चांगल्या पुस्तकांची माला निघू लागली. मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाली. तिची लहान लहान, स्वस्त पुस्तके शाळांत पोहोचली.

फारसी आणि उर्दूचाही येथे विसर पडला नाही. गुजरातचा इतिहास सांगणारा मिरात-ए-अहमदी हा प्रसिद्ध फारसी ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला. बडोदा कॉलेजातील फारसीचे प्राध्यापक सय्यद नवाब अली यांनी तो संपादित केला. आणखी एक गंमत. गाणे हे गुरूच्या तोंडून ऐकून शिकायचे असते, ते पुस्तकात कसे लिहिणार? पण उस्ताद मौलाबक्ष यांनी सूर लिहून ठेवण्याची पद्धत तयार केली आणि गाण्याची क्रमिक पुस्तके लिहिली. १८८६ मध्ये त्यांच्या हाताखाली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिला महाराजांचा आधार होता.

महाराजांवर लोक टीकाही करीत. ते वर्षातले बरेच दिवस परदेशात राहत. त्यांचा लक्ष्मीविलास राजवाडा अफाट खर्चाने बांधलेला होता. त्यांचे हिरे-मोती जगात गाजले होते. एका बाजूला हे वैभव आणि दुसऱ्या बाजूला शाळेत न येणारी, उपाशी गुराखी मुले. सक्तीचा कायदा करूनही राज्यातील पुष्कळ लोक त्यांच्या हयातीत निरक्षरच राहिले. या गोष्टी झाकून ठेवायचे कारण नाही. मात्र त्या काळात सहाशेच्या आसपास संस्थाने होती. पुष्कळ राजांनी शिकारीला, घोड्यांना आणि मेजवान्यांना पैसा उधळला. खेड्यातल्या मुलाला पुस्तक मिळावे म्हणून सरकारी खाते काढणारे राजे मात्र शोधावे लागतात.

या राजाच्या मदतीने शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव तुम्ही जाणता. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय हेच त्यांचे घर झाले. शिष्यवृत्ती बेताची होती. तरी पोटाला चिमटा घेऊन ते जुन्या बाजारातून पुस्तके विकत घेत. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली होती, असे सांगतात. परत येताना त्यांनी बरीच पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली. पहिले महायुद्ध चालू होते. पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पुस्तके समुद्रात गेली. पुढे ते बडोद्यात नोकरीला आले. पण ते अस्पृश्य म्हणून तेथे त्यांना राहायला घर मिळेना, कचेरीतही त्यांचा अपमान झाला, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाने शिष्यवृत्ती दिली, शाळा काढल्या. पण आपल्याच राजधानीतील लोकांची मने त्याला बदलता आली नाहीत.

सयाजीराव म्हातारे झाले तरी वाचत राहिले. १९३२ मध्ये कोल्हापूरला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. कवळाण्याचा गोपाळ साहित्यिकांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला, तेव्हा त्याला पहिले अक्षर शिकून ५७ वर्षे झाली होती. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदा राज्य त्या वेळच्या मुंबई राज्यात विलीन झाले.

तुम्ही कधी बडोद्याला गेलात, तर मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय अवश्य पाहा. त्याची इमारत १९३१ ची आहे. पुस्तकांची लोखंडी कपाटे अमेरिकेहून मागवलेली आहेत आणि ती मजल्यांवर मजले चढवून उभी केली आहेत. या मजल्यांची जमीन दगडाची किंवा लाकडाची नाही. ती जाड काचेची आहे. काचेतून पलीकडचे स्पष्ट दिसत नाही, पण उजेड येतो. त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरतो आणि सर्वांत खालच्या रांगेतल्या पुस्तकाचेही नाव वाचता येते.